बायनॉरल बीट्स: प्रयोगशाळेपासून गावातल्या मोबाइलपर्यंत

विदर्भातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात झोप मोडण्याची कारणं नवीन नाहीत. शेतीपंपाची वीज बरेचदा रात्री येते, म्हणून ओलितासाठी उठायचं. रानडुकरांपायी जागल करायची. त्यावर कर्जाची काळजी. 2016 च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डात गाणी भरून आणण्याची गरज संपली. मग ‘गाढ झोप’, ‘टेन्शन मुक्ती’ अशा नावांचे बायनॉरल बीट्सचे, म्हणजे दोन कानांना वेगवेगळे स्वर देऊन डोक्यात ठोके जाणवून देणारे, आठ-आठ तासांचे व्हिडिओ गावात आले. पोलीस भरती, तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांसाठी ‘एकाग्रते’चे वेगळे.

मूळ शोध जुना आहे. 1839 च्या सुमारास एका प्रशियन भौतिकशास्त्रज्ञाला दिसलं, की दोन कानांना किंचित वेगळे स्वर दिले तर डोक्यात तिसरीच धडधड जाणवते. डाव्या कानात 200 हर्ट्झ (सेकंदाला 200 कंपनं), उजव्यात 210, तर सेकंदाला 10 ठोके. हे ठोके हवेत नसतात, दोन्ही कानांचे संदेश जिथे एकत्र येतात त्या मेंदूच्या तळाकडच्या भागात तयार होतात. भजनात पेटीचे दोन सूर जरा हलले की येणारी थरथर हवेतली. ती एका कानालाही ऐकू येते. म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर बायनॉरल बीट्स लावणं फोल आहे, आणि एक बाजू बंद पडलेल्या इअरफोनवर तर ठोका उरतच नाही. गावात बरेच लोक असेच ऐकतात, पण व्हिडिओवाले हे क्वचितच सांगतात.

खरा वाद पुढच्या उडीचा आहे. 1973 मध्ये एका अमेरिकी विज्ञान मासिकातल्या लेखाने हा विषय पुन्हा वर आणला. त्यात हे ठोके मुख्यतः तपासणीचं साधन म्हणून सुचवले होते. पार्किन्सनच्या बऱ्याच रुग्णांना ते ऐकूच येत नव्हते. दोनच वर्षांनी, 1975 मध्ये, ध्वनीने झोप लावण्याच्या एका पद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि मेंदू बाहेरच्या ठोक्याची लय पकडतो ही समजूत बाजाराचा पाया झाली. 10 हर्ट्झ ऐकवा, मेंदूत 10 हर्ट्झच्या अल्फा लहरी (निवांत असताना दिसणाऱ्या विद्युत लहरी) वाढतील, मन शांत होईल. हे इतकं सरळ कुणी सिद्ध केलेलं नाही. 2023 च्या एका आढाव्यात अशा लहरी मोजणारे 14 अभ्यास तपासले: 5 बाजूने, 8 विरोधात, 1 संमिश्र. आजही बरेच व्हिडिओ हाच दावा ठामपणे करतात, आणि मला हे घातक वाटतं.

परिणाम शून्यही नाही. 2005 च्या एका ब्रिटिश चाचणीत शस्त्रक्रियेआधी हे ठोके मिसळलेलं संगीत ऐकणाऱ्यांची चिंता सुमारे 26 टक्क्यांनी घटली, ठोक्यांविना तसंच संगीत ऐकणाऱ्यांची 11 टक्क्यांनी. पण ती शस्त्रक्रियेआधीची तासाभराची धास्ती होती. पीक बुडाल्यावर महिनोन्‌महिने न लागणारी झोप वेगळी, तिच्यामागे नैराश्य असू शकतं. त्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. ‘टेन्शन मुक्ती’च्या व्हिडिओखाली आधी हा क्रमांक हवा.