इंदूर पद्धत (कंपोस्ट)

शेतातला व वस्तीतला सेंद्रिय कचरा हवेशीर थरांत रचून, ठरावीक काळाने खालीवर करून साधारण तीन महिन्यांत त्याचे खत करण्याची रीत. इंदूरला होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत तिची घडी बसली, म्हणून हे नाव.

पद्धतीचे जनक म्हणून ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांचे नाव घेतले जाते. १९३१ च्या मूळ ग्रंथावर मात्र यशवंत वाड हे सहलेखक आहेत, आणि हे बहुधा विसरले जाते. उगमाबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते ही चिनी शेतकऱ्यांची जुनी रीत असून अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या वर्णनावरून ती आली. हॉवर्ड यांनीही हे ऋण मानले आहे. दुसरे मत असे, की माळव्यातला उकिरडाच येथे शिस्तीत आला. कल्पना चिनी, पण प्रमाणे व वेळापत्रक इंदूरचे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. शहरी कचरा व मैला यांसाठी जॅक्सन आणि वाड यांनी केलेले प्रयोग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. वस्तीच्या दृष्टीने त्यांचे मोल मूळ ग्रंथाहून कमी नाही.

मूळ खड्डा ३० × १४ फूट, खोली २ ते ३ फूट. पऱ्हाट्या व तुराट्या (कापसाची व तुरीची वाळकी खोडे) टणक, म्हणून त्या आधी शेतरस्त्यावर पसरत. बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या, की खड्ड्यात जात. त्यावर शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती, थोडी राख आणि पाणी. हवा खेळावी म्हणून ढीग तीनदा खालीवर करीत.

गच्चीवरच्या भोके पाडलेल्या कुंडीत हेच तत्त्व चालते. मेथीच्या काड्या, केळीची साले, वर मूठभर वाळका पाला, आणि विरजणासारखे थोडे जुने खत. वास सुटला तर ओल जास्त झाली असे समजून आणखी पाला घालतात. कुंडी लहान असल्याने उष्णता टिकत नाही, बिया मरत नाहीत आणि खत घातलेल्या तुळशीशेजारी टोमॅटोची रोपे उगवतात. नारळाच्या करवंट्या व आंब्याच्या कोयी मात्र लवकर कुजत नाहीत. त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

आज इंदूर शहरात ओला व सुका कचरा घरातच वेगळा करून गाडीला देतात. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडिया येथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून जैववायू करणारा प्रकल्प सुरू झाला. तेथे कुजण्याची क्रिया हवाबंद टाक्यांत होते, म्हणून ती इंदूरची असूनही या अर्थाने ‘इंदूर पद्धत’ नव्हे.