गोल दुर्मिळ असतात म्हणून

जुलैतल्या एका रविवारी आझाद मैदानावर मुलांची मॅच पाहत उभा होतो. पाऊस नुकताच थांबला होता आणि गोलपोस्टपुढं घोटाभर चिखल साचला होता. एका बाजूला स्वतःची बस, दोन प्रशिक्षक आणि फिजिओ घेऊन आलेली अकादमी. दुसऱ्या बाजूला लोकलनं आलेला वस्तीतला क्लब, त्यातल्या तिघांच्या पायात बदली खेळाडूंकडून मॅचपुरते घेतलेले बूट. पहिल्या हाफमध्ये बॉल जवळजवळ अकादमीच्याच ताब्यात होता. दोनदा बार वाचवायला आला, एकदा गोली.

दुसऱ्या हाफमध्ये वस्तीतल्या पोरांना थ्रो मिळाला, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हातानं आत टाकायची संधी. थ्रो टाकणारा घाईनं बॉल उचलणार तोच बाहेरून सर ओरडले, "अरे, पुसून घे आधी! ओला बॉल हातातनं सटकेल." बदली खेळाडूनं कमरेला खोचलेला टॉवेल फेकला. पोरानं बॉल नीट पुसला, पाच पावलं मागं गेला आणि थेट गोलच्या तोंडाशी भिरकावला. तिथं त्याचे दोघे जोडीदार आधीच गोलीला खेटून उभे होते. गर्दीत बॉल कुणाच्या तरी नडगीला लागून आत गेला. मॅच १-० अशीच संपली. नंतर सरांना विचारलं, थ्रोचा वेगळा सराव घेता का? "रोज वीस मिनिटं," ते म्हणाले. "सुका बॉल आणि ओला बॉल, दोन्ही."

कमी पैशांचा संघ श्रीमंत संघाला कसा पुरून उरतो, असं विचारलं की लोक जिद्दीबद्दल बोलतात. जिद्द लागतेच, पण ती श्रीमंत संघाकडेही असते. गरीब संघाच्या मदतीला धावून येते ती फुटबॉलची एक साधी गोष्ट: या खेळात गोल फार कमी होतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दोन्ही संघांचे मिळून एका सामन्यात सरासरी पावणेतीनच्या आसपास. नव्वद मिनिटं बावीस जण धावतात, शेकडो पास होतात आणि निकाल लागतो तो दोन-तीन घटनांवर.

अशा क्वचित घडणाऱ्या घटनांचं गणित सिमेओं प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञानं १८३७ मध्ये मांडलं. १८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिविच यांनी ते प्रशियाच्या घोडदळाला लावून पाहिलं. घोड्याची लाथ बसून एका तुकडीत वर्षाला किती सैनिक मरतात, याचे आकडे प्वासाँच्या सूत्राशी आश्चर्य वाटावं इतके जुळले. लाथ कधी बसेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण शंभर वर्षांत किती वेळा शून्य, किती वेळा एक आणि किती वेळा दोन मृत्यू येतील, हे मात्र सांगता येतं. गोलचंही बरंचसं तसंच आहे.

आता हिशोब करू. एक श्रीमंत संघ धरा, सामन्यामागे सरासरी १.८ गोल करणारा. समोर गरीब संघ, त्याची सरासरी ०.९. म्हणजे ताकद बरोबर निम्मी. प्वासाँच्या सूत्रात हे आकडे घातले तर शंभर सामन्यांत श्रीमंत संघ साधारण ५९ जिंकतो, २३ बरोबरीत सुटतात आणि गरीब संघ १८ जिंकतो. निम्म्या ताकदीचा संघ शंभरातले एकेचाळीस सामने हरत नाही! हाच दोनास एकचा फरक ठेवून गोलांची संख्या दहापट करा, १८ विरुद्ध ९. मग गरीब संघ शंभरात जेमतेम तीन सामने जिंकतो. आपल्या कबड्डीत एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून साठ-सत्तर गुण होतात, तिथं दुबळ्या संघाला नशिबाच्या आड लपायला फारशी जागा उरत नाही. फुटबॉल ती जागा देतो.

आता यातला मला सर्वांत आवडणारा भाग. गरीब संघानं मागं राहून, जागा बंद करून, वेळ घेत खेळायचं ठरवलं आणि त्यामुळं दोन्ही बाजूंचे गोल निम्म्यावर आले असं समजा: ०.९ विरुद्ध ०.४५. ताकदीचं प्रमाण तेच, दोनास एक. पुन्हा सूत्र लावलं की गरीब संघाचे विजय जवळजवळ तेवढेच राहतात, शंभरात १८. पण पराभव ५९ वरून ४५ वर येतात आणि बरोबरी २३ वरून ३७-३८ वर जाते. गुणांत सांगायचं तर (विजयाला तीन, बरोबरीला एक) सामन्यामागे ०.७८ चे ०.९१ होतात आणि ३८ सामन्यांच्या मोसमात साडेचार-पाच गुण वाढतात. एकही नवा खेळाडू न घेता! लीगमध्ये टिकणं आणि खालच्या श्रेणीत घसरणं यांत पुष्कळदा एवढंच अंतर असतं. "गोलपुढं बस उभी केली" म्हणून ज्या खेळाला नावं ठेवली जातात, त्याच्यामागे असं पक्कं गणित आहे. पाहायला तो कंटाळवाणा असतो हे मान्य, पण ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला त्यासाठी दोष देणं मला पटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे थांबलेला बॉल: कॉर्नर, फ्री किक, थ्रो. चालत्या खेळात श्रीमंत संघाचा वेग आणि कौशल्य भारी पडतं, कारण तेच सर्वांत महाग विकलं जातं. बॉल थांबला की सगळे आपापल्या जागी उभे राहतात आणि तिथं आधी पाठ केलेली हालचाल कामाला येते. एकट्या कॉर्नरचं मोल फार नसतं. मोठ्या लीगमध्ये शंभर कॉर्नरमागे तीनेक गोल. पण या सगळ्या प्रकारांत मिळून पाच सामन्यांत एक गोल जास्त काढता आला, तरी वरच्या हिशोबातल्या गरीब संघाचे विजय शंभरात १८ वरून २३ वर जातात. मोसमात पुन्हा पाचेक गुण. थ्रोला तर आणखी एक सवलत आहे. थ्रोवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड, म्हणजे बचावपटूंच्या पुढं जाऊन बॉल घ्यायची मनाई, नसतो, त्यामुळं पोरं गोलीच्या नाकासमोर जाऊन उभी राहू शकतात. आझाद मैदानावर घडलं ते नेमकं हेच.

लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबनं हे मोठ्या मंचावर करून दाखवलं. २०१२ मध्ये त्याची मालकी मॅथ्यू बेनम यांच्याकडे आली. सामन्यांच्या शक्यता मोजून सट्टेबाजीच्या धंद्यात पैसा कमावलेला हा माणूस. तेव्हा त्यांच्याच मालकीच्या असलेल्या मिट्युलँड या डॅनिश क्लबनं २०१५ मध्ये पहिल्यांदा देशाची लीग जिंकली. पुढं ब्रेंटफर्ड ७४ वर्षांनी इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत परतला. १३ ऑगस्ट २०२१ ला पहिल्याच सामन्यात त्यानं आर्सेनलला २-० हरवलं आणि दुसरा गोल आला तो लांब थ्रोवरून, क्रिस्टियन नॉरगॉरच्या डोक्यानं.

ब्रेंटफर्डचा खरा कस मात्र खरेदीत लागला. बाजारात खेळाडूची किंमत बरीचशी त्याच्या गोलांवर ठरते आणि गोल दुर्मिळ असल्यामुळं त्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. मोसमात बारा गोल करणारा स्ट्रायकर खरोखर आठचा आहे की सोळाचा, हे गोल मोजून कळत नाही. म्हणून अभ्यासक प्रत्येक फटक्याची शक्यता मोजतात: कुठून मारला, कोणत्या कोनातून, पायानं की डोक्यानं. पेनल्टीचा गोल साधारण चारांतल्या तीन वेळा होतो, तर पेनल्टी बॉक्सच्या बराच बाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांतले मोजकेच आत जातात. या शक्यतांची बेरीज म्हणजे 'अपेक्षित गोल'. एखादा पोरगा दर सामन्यात चांगल्या जागी पोहोचतोय पण बॉल बारला लागतोय, तर त्याचे गोल कमी दिसतात, भाव पडलेला असतो आणि अपेक्षित गोल मात्र भरपूर. तोच घ्यायचा. ब्रेंटफर्डनं ऑली वॉटकिन्सला २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीतल्या एक्सेटरकडून दोन दशलक्ष पाउंडांच्या आत घेतलं. तीन वर्षांनी ॲस्टन व्हिलानं त्याच्यासाठी २८ दशलक्ष मोजले. अशा विक्रीतूनच पुढची खरेदी होत राहते.

एवढं सगळं असलं, तरी लीग लांब असते. सामने वाढतात तसं नशीब दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि पैसा आपलं वजन दाखवतो. स्टेफान शिमान्स्की या अर्थतज्ज्ञानं इंग्लिश क्लबांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलंय की पगाराचं एकूण बिल आणि तक्त्यातलं स्थान यांचा संबंध अतिशय घट्ट आहे. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी ३८ पैकी फक्त ३ सामने हरून विजेता झाला. मोसमाच्या सुरुवातीला त्याच्या जेतेपदावर एकास पाच हजार असा भाव होता. त्या वर्षी त्यांचे खेळाडू जखमी फार कमी झाले, जवळपास तेच अकरा जण आठवड्यामागून आठवडे उतरत राहिले. लहान संघाकडे बदली खेळाडू कच्चे असतात, त्यामुळं एक स्नायू दुखावला तरी त्याचं नुकसान श्रीमंत संघापेक्षा कितीतरी जास्त. फिजिओवर केलेला खर्च तिथं स्ट्रायकरवरच्या खर्चाइतकाच मोलाचा ठरतो.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं आहे, कारण त्याची मुळं मुंबईत आहेत. खालिद जमील महिंद्र युनायटेडकडून खेळले आणि नंतर अनेक वर्षं मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. बेताच्या पैशांत संघ कसा चालवायचा, याचा धडा त्यांनी इथंच गिरवला. २०१६-१७ च्या मोसमात ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्याच वर्षी आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमधून, खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला जागा परत मिळाली होती. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत खेळलेले दोघे त्या संघात होते. शेवटच्या टप्प्यात ऐझॉलनं घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० हरवलं. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध मागे पडूनही १-१ बरोबरी साधली आणि ३७ गुणांनी लीग जिंकली. बागानचे ३६. लीग १८ सामन्यांची होती, ३८ ची नाही, हेही ऐझॉलच्या पथ्यावर पडलं. नशिबाचे चढउतार सपाट व्हायला तेवढे सामने पुरत नाहीत. यानं त्यांच्या कामगिरीचं मोल कमी होत नाही. मिळालेली जागा नेमकी ओळखून वापरणं हेच तर लहान संघाचं काम. मुंबई एफसी मात्र त्याच मोसमात तळाला राहून खाली गेला आणि नंतर बंद पडला, याची हळहळ इथल्या फुटबॉलवेड्यांना अजून आहे.

लहान संघानं शोधलेली युक्ती त्याच्याकडे फार दिवस राहत नाही. ब्रेंटफर्डमध्ये थांबलेल्या बॉलवर काम केलेले निकोलास जोव्हेर पुढं मँचेस्टर सिटीत आणि मग आर्सेनलमध्ये गेले. आज आर्सेनलचे कॉर्नर सगळ्या लीगला धडकी भरवतात. थ्रो शिकवणारे थॉमस ग्रोनेमार्क यांना लिव्हरपूलनं बोलावलं. ऐझॉल जिंकल्यावर खालिद जमील आणि त्या संघाचा सीरियन मिडफिल्डर महमूद अल अमना, दोघंही कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेले.

फरक उरतो तो मोबदल्याचा. ब्रेंटफर्ड खेळाडूला अनेक वर्षांच्या करारात बांधतो, म्हणून तो गेला की पैसे येतात. आपल्याकडच्या लहान क्लबांचे करार बहुतेक एका मोसमाचे; मोसम संपला की पोरगा मोकळा आणि क्लब रिकाम्या हातानं. फिफाच्या नियमानुसार करार चालू असताना परदेशी क्लबानं खेळाडू विकत घेतला, तर किमतीतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. पण त्यासाठी त्या वर्षांत त्याची नोंदणी त्या क्लबाच्या नावावर झालेली असावी लागते. म्हणून आझाद मैदानावरच्या त्या सरांच्या हातातली प्लास्टिकची पिशवी मी मुद्दाम पाहिली. मॅच संपल्यावर ती पोरं चिखलानं माखलेले बूट एकमेकांना परत करत होती. सर पावसापासून आडोसा धरून पिशवीतले जन्मदाखले आणि महासंघाच्या नोंदणीचे कागद एकेक करून मोजत होते. एकोणीस पोरं, एकोणीस कागद.