वेलम आणि ठसे: थर लावण्याआधी एवढं वाचा

पाकीट उघडलंत की वेलमचा एक कागद काढा आणि या माहितीपत्रकावरच ठेवा. खालची अक्षरं आरामात वाचता येतील. आता तो हळूहळू वर उचला. दोन-तीन मिलिमीटरवर अक्षरांच्या कडा विरघळायला लागतात आणि बोटभर उंचीवर ओळींचे नुसते करडे पट्टे उरतात. वेलमच्या कार्डातली निम्मी करामत या उचलण्यात आहे. बाकीची निम्मी शाईत, आणि बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो.

यात चामडं असतं का?

हा प्रश्न आम्हाला वरचेवर विचारला जातो, म्हणून आधी त्याचं उत्तर. नाही. वेलम हे नाव वासराच्या कातड्यापासून बनवलेल्या जुन्या लेखनपत्रांचं. तुमच्या हातातला कागद मात्र झाडाच्या लगद्याचाच आहे. फरक एवढाच, की हा लगदा इतका कुटलेला असतो की तंतू एकमेकांना घट्ट चिकटतात आणि मधली हवा जवळजवळ निघून जाते. साधा कागद पांढरा दिसतो तो या हवेमुळे, कारण तंतू आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रकाश विखुरतो. हवा गेली की प्रकाश आरपार येतो.

हे सांगायचं कारण असं, की पुढच्या सगळ्या तक्रारी यातूनच निघतात. हवेच्या जागा नाहीत म्हणून शाई मुरायला वाव नाही. आणि कागद दुमडला की तंतू सुटून तिथे पुन्हा हवा शिरते, म्हणून घडी पांढरी दिसते. ती पांढरी रेघ पुसून जात नाही. त्यामुळे कापताना, उचलताना कोपरा मुडपू देऊ नका.

शाई: इथे घाई नको

एकदा आम्ही साठ कार्डांची ऑर्डर घेतली होती. वेलमवर जांभळ्या पिगमेंट शाईने फुलं उठवली, रात्रभर वाळू दिली, सकाळी एकावर एक रचून खोक्यात भरली. संध्याकाळी खोकं उघडलं तर प्रत्येक फुलाची सावली वरच्या कार्डाच्या पाठीला लागलेली. पिगमेंट शाई साध्या कागदात मुरून बसते. वेलमवर तिला मुरायला जागाच नसते, ती नुसती वर पडून राहते. रात्रभर नाही, आठवडाभर ठेवली तरी बोट लावल्यावर येईल. साठही कार्डं पुन्हा केली.

नेहमीच्या पाण्याच्या डाय शाईचंही तेच. ती थेंबाथेंबाने गोळा होते, बारीक रेषा तुटक दिसतात आणि वाळली असं वाटत असतानाच फिसकटते.

वेलमवर दोनच गोष्टी भरवशाच्या. पहिली म्हणजे सॉल्व्हंट शाई, जी काचेवर आणि प्लास्टिकवरही बसते. ती काही मिनिटांत वाळते आणि रेषा कडक येते. मात्र ती रबरी ठशावर वापरा. पारदर्शक पॉलिमरच्या ठशांवर तिचे डाग राहतात आणि काही ठसे तिने खराबही होतात. शिवाय तिला तिचा वेगळा क्लीनर लागतो, नुसत्या पाण्याने निघत नाही. दुसरी गोष्ट एम्बॉसिंग, म्हणजे ओल्या शाईवर पावडर टाकून ती वितळवणं. जी पिगमेंट शाई वाळत नाही म्हणून आपण शिव्या घातल्या, तीच इथे कामाची ठरते, कारण पावडर चिकटायला ओलसरपणाच हवा.

ठसा उठवताना तो सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला. वेलम सुळसुळीत आहे. साध्या कागदावर चालणारं डावं-उजवं डोलवणं इथे दुहेरी रेघ देतं.

थर

आमच्या नमुन्यातलं एक कार्ड घेऊ: तळ्याकाठी उभा बगळा आणि समोर लव्हाळी.

खालच्या पांढऱ्या कार्डस्टॉकवर (कार्डाच्या जाड कागदावर) बगळा काळ्या शाईने उठवला. त्याच्या मागे दूरची झाडं हवी होती. तो ठसा शाई लावल्यावर आधी रद्दी कागदावर एकदा दाबला आणि उरलेल्या शाईने कार्डवर उठवला, त्यामुळे झाडं फिकी आली. लव्हाळी मात्र वेलमवर, सॉल्व्हंट शाईने. वेलम बगळ्यावर सपाट टेकवला तर बगळा आणि लव्हाळी जवळजवळ एकाच पातळीत दिसतात. छान दिसतं, पण मग वेलमची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते. म्हणून चारही कडांना 1 मिलिमीटर जाडीचा फोम टेप लावून वेलम वर उचलला. लगेच बगळा धुक्यात गेला आणि लव्हाळी हाताशी आली. 2 मिलिमीटरचा फोमही लावून पाहिला, तर बगळ्याची चोच दिसेनाशी झाली. नाजूक रेषांच्या चित्राला एवढं अंतर सोसत नाही. ठसठशीत, भरीव ठशाला सोसतं.

चिकटवायच्या आधी वेलम नुसता वर धरून अंतर ठरवा. याला दहा सेकंद लागतात.

खालचा कागद शक्यतो पांढरा किंवा फिका असू द्या. मागून परत येणारा प्रकाश कमी झाला की वरची रंगीत शाई मेल्यासारखी दिसते. गडद निळ्या किंवा काळ्या कार्डवर वेलम ठेवायचाच असेल तर वरचं चित्र पांढऱ्या पावडरने एम्बॉस करा. तिथे ते खुलतं.

रंग भरायचा तर मागच्या बाजूने. पुढे रेषा, मागे रंग. रेषेवर रंग चढत नाही आणि छटा मऊ दिसते. आमची पसंती रंगीत पेन्सिलीला, पण टोक बोथट करून, हलक्या हाताने. टोकदार पेन्सिलीचा दाब पुढच्या बाजूला पांढऱ्या ओरखड्यासारखा उमटतो. अल्कोहोल मार्करही चालतो. तो चुकूनही सॉल्व्हंट शाईच्या रेषेवरून फिरवू नका, रेषा विरघळते.

आणखी एक गंमत: बगळा वेलमवर उठवला आणि वेलम पालथा केला की तो तोंड फिरवतो. एकाच ठशातून समोरासमोरची जोडी मिळते. शुभेच्छांच्या ओळीसाठी हे अर्थातच उपयोगाचं नाही, तरी घाईत पालथी चिकटवलेली ओळ आम्ही स्वतः पाहिली आहे. आमच्याच टेबलावर.

हीट गनची रीत

वेलमवर बोटांचं तेल आणि स्थिर वीज दोन्ही पावडर धरून ठेवतात, म्हणून ठसा उठवण्याआधी अँटी-स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज घालवणारी, पुरचुंडी फिरवा. नाहीतर चित्राभोवती पावडरचे ठिपके राहतात आणि वितळल्यावर ते खरवडता येत नाहीत.

हीट गन आधी कागदापासून दूर धरून तापवा. मग वेलमच्या खालच्या बाजूने उष्णता द्या आणि हात सतत हलता ठेवा. पावडर खरखरीत दिसते आहे तोवर थांबा, ती चमकली की त्याच क्षणी सरका. एका जागी जास्त वेळ गेला की वेलम वळतो, फुगवटे येतात, शेवटी करपतो. थोडा वळला तर घाबरू नका. पावडर घट्ट झाली की कोमट असतानाच जाड पुस्तकाखाली ठेवा. हेअर ड्रायरने हे काम होत नाही; त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर तेवढी उडून जाते.

वळण्याचा त्रास पातळ कागदाला जास्त होतो. एम्बॉसिंगसाठी 100 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाच्या) वरचा वेलम घ्या. साधा ट्रेसिंग पेपर सरावाला ठीक आहे.

गोंद दिसतो, मग चिकटवायचं कसं?

पातळ पांढरा गोंद वापरू नका. त्यातलं पाणी तंतू फुगवतं आणि कागदाला सुरकुत्या पडतात. दुहेरी टेपचा तुकडाही आरपार दिसतो. उपाय म्हणजे चिकटवण्याची जागा लपवणं. एम्बॉस केलेल्या भरीव चित्राच्या बरोबर मागे एक ग्लू डॉट (गोंदाचा तयार ठिपका) लावला तर तो दिसत नाही. वर रिबन किंवा कागदी पट्टी येणार असेल तर तिच्याखाली टेप लावा. बगळ्याच्या कार्डात फोम टेप लपवायला वरून 5 मिलिमीटर रुंदीची कागदी चौकट बसवली आहे.

आम्हाला सगळ्यात आवडणारी पद्धत गोंद पूर्ण टाळते. वेलम दोन बाजूंनी 1 सेंटिमीटर मोठा कापा, जादा भाग पॅनलच्या, म्हणजे वेलमखालच्या जाड कागदाच्या तुकड्याच्या, मागे दुमडा आणि टेप तिथेच लावा. मग ते पॅनल कार्डवर चिकटवा. घडीची पांढरी रेघ नेमकी कडेवर येते आणि मुद्दाम केलेल्या किनारीसारखी दिसते.

वेलम सपाट, बिनफोमचा लावायचा असेल तर चारही कडा पक्क्या करू नका. तो हवेतला ओलावा पिऊन थोडा वाढतो, जागा मिळाली नाही की त्याला लाटा येतात. फक्त वरची कड पकडा, बाकी मोकळं सोडा.

उरलेले कागद याच पाकिटात, झिप बंद करून, आडवे ठेवा. उभे ठेवलेले कागद वाकतात आणि ते वळण मग ठसा उठवताना जागोजागी नडतं. पाकिटातला वरचा कागद मुद्दाम जादा दिला आहे. तो शाई तपासण्यासाठी आहे: नवी शाई आधी त्याच्या कोपऱ्यावर उठवा, दहा मिनिटांनी अंगठा फिरवून बघा, मगच चांगला कागद काढा.