डॉमिनियरिंग : उभ्या-आडव्या पट्ट्यांचा खेळ

चौकटींच्या पटावर दोघांनी खेळायचा खेळ. एकाने आपल्या पाळीला शेजारच्या दोन रिकाम्या चौकटी उभ्या झाकायच्या, दुसऱ्याने आडव्या. ज्याला पट्टी ठेवायला जागा उरत नाही तो हरला. फासे नाहीत, कवड्या नाहीत, लपवलेली पाने नाहीत. दर चालीला दोन चौकटी कमी होतात, त्यामुळे डाव संपतोच आणि बरोबरी होत नाही. खेळ योरान आंदेर्शॉन यांनी तयार केला आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरातून तो सर्वदूर पोचवला.

पट विकत आणावा लागत नाही. गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल पुरते. सोलापूरच्या पूर्व भागात वीज गेली की यंत्रमागांचा खडखडाट थांबतो. तेवढ्या वेळात फरशीवर खडूने चौकटी आखून दोन-तीन डाव सहज होतात. ज्या गावात ताणा उभा आणि बाणा आडवा हे पोरालाही ठाऊक असते, तिथे नियम समजावायला एक वाक्य लागते. पुढे खेळाडूंना ‘उभा’ आणि ‘आडवा’ असेच म्हटले आहे.

खेळ पोरकट दिसतो, पण त्यामागचे गणित तसे नाही. त्याला संयोजी खेळसिद्धांत म्हणतात. त्याची सुरुवात निम या खेळापासून झाली, ज्यात खड्यांच्या ढिगांतून आळीपाळीने खडे उचलायचे असतात. चार्ल्स बूटन यांनी १९०१ मध्ये निमची पूर्ण उकल दिली. श्प्राग (१९३५) आणि ग्रंडी (१९३९) यांनी स्वतंत्रपणे दाखवले की ज्या खेळांत दोघांनाही त्याच चाली मोकळ्या असतात, ते सगळे अखेर निमच्याच ढिगासारखे वागतात. इथे तसे नाही. उभ्याची चाल आडव्याला खेळता येत नाही. अशा दुजाभावी खेळांचा सिद्धांत जॉन कॉनवे यांनी १९७६ मध्ये मांडला आणि १९८२ मध्ये बर्लेकँप व गाय यांच्यासह वाढवला. गो या खेळाच्या अखेरीस पटाचे वेगवेगळे तुकडे पडतात आणि खेळाडू त्यांचा हिशोब सुटा-सुटा करतो, हे पाहून कॉनवेंना वाट दिसली.

डॉमिनियरिंगमध्येही तेच घडते. दहा-बारा पट्ट्या पडल्या की पट फुटून बेटे होतात आणि प्रत्येक बेटाला किंमत देता येते. एकटी चौकट कोणाच्याच कामाची नाही, तिची किंमत ० (शून्य). उभ्या दोन चौकटी म्हणजे उभ्याची एक राखीव चाल, किंमत १. आडव्या दोन असतील तर उणे १. उभ्या तीन चौकटींतही एकच चाल निघते, म्हणून किंमत १ च, चारांची २. या किमतींची बेरीज धन आली तर सुरुवात कोणीही करो, उभा जिंकतो. ऋण आली तर आडवा. शून्य आली तर पहिली चाल करणारा हरतो, आणि नवख्याला हे पटायला थोडा वेळ लागतो.

गंमत पुढे आहे. उभ्या तीन चौकटी आणि सगळ्यात खालच्या चौकटीच्या उजवीकडे आणखी एक, असा चार चौकटींचा तुकडा घ्या. उभ्याने खालच्या दोन झाकल्या तर उरते शून्य. आडव्याने तळाच्या दोन झाकल्या तर उभ्यासाठी एक पूर्ण चाल शिल्लक राहते. म्हणजे किंमत ० आणि १ यांच्या मधली, आणि सिद्धांतानुसार ती ½. अर्धी चाल हे ऐकायला विचित्र वाटते, पण असे दोन तुकडे मिळून उभ्याला नेमकी एक चाल देतात, आणि ते खेळूनच पडताळता येते.

काही तुकड्यांना आकडा लागूच होत नाही. दोन बाय दोनचा चौकोन घ्या. उभ्याने एक बाजू झाकली की दुसरी त्याचीच, आडव्याने एक ओळ झाकली की उरलेली त्याची. जो आधी हात घालेल त्याच्या पदरात चाल. अशा तुकड्याला ‘तप्त’ म्हणतात आणि त्याची निकड तापमानाने मोजतात. सोलापूरकराला तापमान वेगळे समजवायला नको. याउलट तीन चौकटींचा कोपरा: कोणीही खेळला तरी मागे काही उरत नाही. त्यात फक्त पाळी बदलते.

आता हे तिन्ही तुकडे एकाच पटावर उरले आहेत समजा: चौकोन, कोपरा आणि वरचा अर्ध्या किमतीचा तुकडा. पाळी उभ्याची. त्याने चौकोन घेतला तर डाव त्याचा. पण निवांतपणे कोपऱ्यात पट्टी टाकली, तर आडवा चौकोनाची एक ओळ घेतो. उभा अर्ध्या तुकड्यात शेवटची चाल करतो, आडवा चौकोनाची दुसरी ओळ झाकतो आणि उभ्याला जागा उरत नाही. एका आळशी चालीने डाव गेला. “का बे, पुन्हा मांड” हे इथेच ऐकू येते.

मोठ्या पूर्ण पटांची उकल मात्र संगणकावाचून होत नाही. तीन बाय तीन हातानेही जमतो: उभ्याने मधल्या स्तंभाच्या वरच्या दोन चौकटी झाकल्या की आडव्याला फक्त तळाच्या ओळीत एक चाल उरते, उभ्याला दोन. ब्रॉइकर, आउटरवाइक आणि व्हान डेन हेरिक यांनी २००० साली आठ बाय आठचा निकाल प्रसिद्ध केला. बुलक यांनी २००२ मध्ये दहा बाय दहाचा, आणि आउटरवाइक यांनी २०१६ मध्ये अकरा बाय अकराचा. या तिन्हींत पहिली चाल करणारा जिंकतो. पाच बाय पाच हा अपवाद. तिथे दुसरा जिंकतो, आणि याचे सुटसुटीत कारण देता येत नाही, चाली तपासूनच ते कळते.

हा सिद्धांत सगळ्याच बैठ्या खेळांना लावू नये. सारीपाटात दैव आहे, तो यात बसत नाही. नवकंकरीत दैव नाही, पण बरोबरी होऊ शकते. राल्फ गासर यांनी १९९३ मध्ये दाखवले की दोघे अचूक खेळले तर ती बरोबरीतच सुटते. उलट डॉमिनियरिंगचा एकच नियम सैल केला, म्हणजे दोघांनाही उभी किंवा आडवी कशीही पट्टी ठेवू दिली, तर ‘क्रॅम’ हा निःपक्षपाती खेळ होतो आणि श्प्राग-ग्रंडी पुन्हा लागू पडतात. त्यात पटाच्या दोन्ही बाजू सम असतील तर दुसऱ्या खेळाडूने पहिल्याची प्रत्येक चाल पटाच्या मध्याभोवती अर्धा फेरा फिरवून उलटवत जावी, तो जिंकतो. एकच बाजू सम असेल तर पहिल्याने नेमक्या मधल्या दोन चौकटी झाकाव्यात आणि मग तोच उपाय स्वतः करावा. दोन्ही विषम असल्या तर ही युक्ती चालत नाही.