हाफ्टफ्लिश्ट म्हणजे कोठडी नव्हे, हप्ताही नव्हे

जर्मन खरेदीदाराचा करारनामा भाषांतराला देताना बरेच ग्राहक एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून आणतात: बेट्रीब्सहाफ्टफ्लिश्टफेअरझिशेरुंग. शब्दकोशात नुसतं ‘हाफ्ट’ पाहिलं की ‘अटक, कोठडी’ असा अर्थ निघतो आणि घाबरगुंडी उडते. कुणाला त्यात ‘हप्ता’ दिसतो. आपला हप्ता फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात यावरून आला. त्याचं इथे नातं नाही.

हा शब्द शेवटाकडून वाचायचा. शाळेतला तत्पुरुष समास आठवा: गूळपोळी ही पोळी, गूळ नव्हे. तसा हा ‘फेअरझिशेरुंग’, म्हणजे विमा. कशाचा, ते आधीची पदं सांगतात.

‘हाफ्टन’ म्हणजे चिकटणे. टेबलावरच्या चिकटचिठ्ठीला जर्मन माणूस ‘हाफ्टनोटिट्स’ म्हणतो. नुकसानीची जबाबदारी कायद्याने चिकटते, आपल्या भाषेत अंगाशी येते, तेव्हाही क्रियापद हेच. ‘फ्लिश्ट’ म्हणजे कर्तव्य. पण ते निघालं ‘फ्लेगन’वरून, म्हणजे सांभाळणे, निगा राखणे. विम्यातला ‘झिशर’ लॅटिनमधून आला: ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. थोडक्यात, एकाच शब्दात काळजी दोनदा, एक घ्यायची आणि एक मिटलेली. मराठीत आपण काळजी घेतोही आणि करतोही, त्यामुळे ही गंमत आपल्याला लवकर कळते, असं आमचं मत!

सुरुवातीचं ‘बेट्रीब’ (व्यवसाय) ‘ट्रायबन’ म्हणजे हाकणे यावरून. आपणही कारभार हाकतोच. मधला ‘स्’ नुसता सांधा.

‘हाफ्टफ्लिश्ट’ हे नाव रुळलं ते १८७१च्या कायद्यामुळे. रेल्वे, खाणी आणि कारखान्यांतल्या अपघातात माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर मालकाने भरपाई कधी द्यायची, हे त्यात ठरवलं होतं.

तुमच्या करारापुरतं सांगायचं तर, हा विमा तुमच्या यंत्राचा किंवा मालाचा नाही. तुमच्या धंद्यामुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याचं नुकसान झालं, तर त्याच्या भरपाईचा आहे. आम्ही भाषांतरात ‘व्यवसाय दायित्व विमा’ असं लिहितो. शेजारी ‘प्रोडुक्ट’ हे पद असेल, तर विकून गेलेल्या मालामुळे होणारं नुकसानही खरेदीदाराला त्यात हवं आहे. विमा एजंटाकडे जाताना ते पान सोबत न्या. आगीच्या विम्याची पॉलिसी दाखवून हे कलम भागत नाही.