शोधनिबंधाचे पैसे कोणी भरायचे?

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातल्या वाचनालयापर्यंत अशी व्यवस्था उभी केली, की पुस्तकांचा खर्च संस्थान आणि गाव यांनी सोसावा व वाचकाने फक्त वाचावे. आज त्याच बडोद्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या कारखान्यातील केमिस्टला सांडपाण्यातून रंगद्रव्य वेगळे करण्याच्या नव्या पद्धतीवरचा शोधनिबंध हवा असेल, तर अनेकदा पडद्यावर शीर्षक, लेखकांची नावे आणि दीडदोनशे शब्दांचा गोषवारा एवढेच दिसते. त्याखाली एका निबंधासाठी तीस-चाळीस डॉलरची मागणी असते, आणि तो निबंध आपल्या उपयोगाचा आहे की नाही हे पैसे भरल्याखेरीज कळत नाही.

ही रक्कम लेखकाच्या हाती जात नाही. संशोधनाचा खर्च बहुतांशी सरकारी अनुदानातून होतो, लेखक निबंध विनामोबदला देतो, त्याची तपासणी करणारे समीक्षकही सहसा मानधन घेत नाहीत. आणि एवढे झाल्यावर तयार झालेले नियतकालिक त्याच विद्यापीठांना वर्गणी भरून विकत घ्यावे लागते. संपादन, मांडणी, संकेतस्थळ आणि जतन यांना खर्च येतो हे खरे, पण मोठ्या व्यापारी प्रकाशकांचा नफा तीस टक्क्यांच्याही पुढे जातो, तेव्हा किंमत आणि खर्च यांचा संबंध तुटला आहे असेच म्हणावे लागते.

या व्यवस्थेला पहिला मोठा पर्याय भौतिकशास्त्रज्ञांनी दिला. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट 1991 मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे पूर्वप्रती, म्हणजे नियतकालिकात छापून येण्याआधीच्या निबंधाच्या प्रती (प्रीप्रिंट), सर्वांना मिळाव्यात म्हणून एक संगणकीय भांडार सुरू केले. तेच पुढे ‘अर्काइव्ह’ म्हणून जगभर वापरात आले. फेब्रुवारी 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची, म्हणजे ओपन ॲक्सेसची, व्याख्या केली. त्या व्याख्येत निबंध फुकट वाचता येणे पुरेसे मानलेले नाही. तो उतरवून घेणे, त्याच्या प्रती काढणे, वाटणे आणि श्रेय देऊन पुन्हा वापरणे यांचीही मुभा त्यात आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने हा भाग मला फार मोलाचा वाटतो. निबंधाच्या पहिल्या पानाच्या तळाशी ‘सीसी बाय’ असा परवाना छापलेला असेल, तर मूळ लेखकांचे नाव देऊन त्याचा मराठी अनुवाद कोणालाही करता येतो, त्यातली आकृती पाठ्यपुस्तकात घेता येते. केवळ ‘मोफत उपलब्ध’ असलेल्या निबंधाला ही मोकळीक आपोआप लाभत नाही.

पुढे व्यापारी प्रकाशकांनी ही कल्पना स्वीकारली, पण आपल्या पद्धतीने. वाचकाकडून घ्यायचे पैसे ते लेखकाकडून घेऊ लागले. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने 2020 मध्ये एका निबंधाला मुक्त प्रवेश देण्याचे शुल्क 9,500 युरो जाहीर केले, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक. आपल्याकडे कनिष्ठ संशोधकाला मिळणारी शिष्यवृत्ती आज महिना 37,000 रुपये आहे. तिच्याशी ताडून पाहिले, तर एका निबंधाचे शुल्क जवळजवळ दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीएवढे भरते. अनेक प्रकाशक गरीब देशांतील लेखकांना हे शुल्क माफ करतात, पण अर्थव्यवस्थेचा आकार मोठा असल्यामुळे भारत पूर्ण माफीच्या यादीत सहसा बसत नाही. काही नियतकालिके तर वर्गणीही घेतात आणि लेखकाचे शुल्कही. मग ज्याच्या प्रकल्पाला भरपूर निधी आहे त्याचाच निबंध सगळ्यांना वाचता येणार, आणि बाकीच्यांचे काम पूर्वीप्रमाणे बंदच राहणार. शिवाय लेखकच पैसे देणार म्हटल्यावर, समीक्षा न करता पैसे घेऊन काहीही छापणारी भुरटी नियतकालिकेही माजली. नोकरी आणि बढतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते तोवर त्यांना गिऱ्हाईक मिळत राहील.

केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेली ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना हा वेगळा मार्ग आहे. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये देऊन 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके 6,300 हून अधिक सरकारी संस्थांना उपलब्ध करून देण्याची ही योजना विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्रामार्फत राबवली जाते. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला मोठ्या संस्थेच्या तोडीचा वाचनसाठा मिळावा, हा तिचा लाभ लहान नाही. परंतु ही एकत्रित वर्गणी आहे, मुक्त प्रवेश नव्हे. सयाजीराव विद्यापीठातील विद्यार्थ्याला जे वाचता येईल ते नंदेसरीच्या त्या केमिस्टला, खाजगी दवाखान्यातील डॉक्टरला किंवा निवृत्त शिक्षकाला या योजनेतून वाचता येणार नाही.

मला अधिक भरवशाची वाटते ती तिसरी रीत, जिच्यात वाचकही पैसे देत नाही आणि लेखकही नाही. नियतकालिकाचा खर्च विद्यापीठ, विद्वत्सभा किंवा सरकार उचलते. हिला डायमंड असे नाव आहे. ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या ‘सायलो’ या नियतकालिकांच्या मोफत संगणकीय संग्रहाने ही रीत लॅटिन अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर रुजवली, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने आपली नियतकालिके अनेक वर्षे संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. एकत्रित वर्गणीवर खर्च होणाऱ्या रकमेचा थोडा हिस्सा अशा नियतकालिकांच्या संपादनाला, भाषातपासणीला आणि संगणकीय जतनाला मिळाला, तर प्रकाशनाची साधने आपल्याच हाती राहतील.

तोवर एक काम विनाखर्च करता येते. समीक्षेनंतर स्वीकारली गेलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत संस्थेच्या भांडारात ठेवण्याची परवानगी अनेक नियतकालिके देतात, काही वेळा सहा महिने किंवा वर्षभर थांबण्याच्या अटीवर. जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान व तंत्रज्ञान या केंद्रीय विभागांच्या डिसेंबर 2014 च्या धोरणानुसार, त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाची अशी प्रत भांडारात जमा करणे अपेक्षित आहे. अपेक्षा असूनही अनेक प्राध्यापकांची ती प्रत स्वतःच्या संगणकातच राहते. निबंध स्वीकारल्याचे पत्र आले, की त्याच आठवड्यात ती ग्रंथपालाकडे पाठवण्याची पद्धत प्रत्येक विभागाने घालून घ्यावी, आणि वाचकाला बंद निबंध आढळला तर त्याने लेखकाच्या छापील पत्त्यावर सरळ ईमेल करून प्रत मागावी.