सोमलाचा काळा आरसा

सप्टेंबर १८४०. फ्रान्समधल्या त्यूल गावच्या न्यायालयात चोवीस वर्षांची मारी लाफार्ज उभी होती. नवरा शार्ल याला सोमल घालून मारल्याचा तिच्यावर आरोप होता. सोमल विकत आणल्याचं ती नाकारत नव्हती, उंदरांसाठी आणला म्हणत होती. मग तो शार्लच्या पोटात गेला की नाही?

हे ठरवणं तेव्हा फार अवघड होतं. सोमल म्हणजे आर्सेनिकचं विषारी संयुग. पांढरी पूड, चव जवळजवळ नाहीच. पोटात गेला की उलट्या, जुलाब. वैद्याला पटकीच वाटावी. इंग्लंडमध्ये वूलिचच्या शस्त्रागारातला रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श याला याचा चटका बसला होता. नातवाने आजोबांच्या कॉफीत सोमल घातल्याच्या खटल्यात त्याने जुन्या पद्धतीने विष पिवळ्या साक्याच्या रूपात वेगळं काढलं. हा साका म्हणजे आपला हरताळ, पोथीतली चूक झाकायला लावत तोच. पण ज्युरीपुढे येईपर्यंत तो बिघडला. नातू सुटला आणि पुढे त्याने गुन्हा कबूलही केला.

मार्शने मग १८३६ मध्ये नवी चाचणी मांडली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं. हायड्रोजन निघतो, आणि सोमल असेल तर त्यातलं आर्सेनिक हायड्रोजनशी जुळून आर्सिन वायू होतो. तो नळीतून बाहेर काढून पेटवायचा आणि ज्योतीवर चिनीमातीची थंड बशी धरायची. बशीवर काळपट, चकचकीत डाग उमटतो. तो शुद्ध आर्सेनिकचा थर. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाएवढं विषही असं पकडता येतं. मला ही कल्पना विलक्षण सुंदर वाटते. शरीरात विरघळून दिसेनासं झालेलं विष वायू होऊन बाहेर येतं आणि डोळ्यांपुढे पुन्हा धातूसारखं चमकतं.

तरीही त्यूलमध्ये घोळ झाला. स्थानिक तज्ज्ञांनी हीच चाचणी केली. अन्नात भरपूर विष सापडलं, पण पुरलेलं प्रेत उकरूनही शरीरात काही मिळेना. पद्धत नवी होती आणि हात सरावलेले नव्हते. शेवटी पॅरिसहून विषतज्ज्ञ मातेओ ऑर्फिला आला. त्याच चाचणीत त्याला शरीरात आर्सेनिक सापडलं.

त्याचं खरं मोठेपण त्याने पुढे जे तपासलं त्यात आहे. बाजारातल्या जस्तात अनेकदा आर्सेनिक असतंच, कबरीच्या मातीतही असू शकतं. मग डाग कोणाचा? म्हणून त्याने वापरलेली रसायनं आणि कबरीभोवतालची माती यांचीही तपासणी केली, आणि विष तिथून आलेलं नाही असं न्यायालयाला सांगितलं. प्रयोगशाळेत आज नमुन्याशेजारी नुसत्या रसायनांचीही चाचणी लावतात, ती याच शंकेपोटी.

बचाव पक्षाचा तज्ज्ञ रास्पाय त्यूलला पोहोचला तेव्हा निकाल लागून गेला होता. मारीला जन्मठेप झाली. आपण निर्दोष आहोत असंच ती सांगत राहिली. १८५२ मध्ये तिची सुटका झाली आणि त्याच वर्षी ती वारली.